सूर लावताना

सगळ्यांच्या पेन्सिली एकदम थांबल्या ना, तेव्हा मी पहिल्यांदा दचकले.

एकदम म्हणजे अगदी एकदम. बेल नाही, हाक नाही, बाहेर साधं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पोरं चटईवर बसून लिहितायत, मागे माझ्या स्पीकरवर पेटीचा लांब सूर चाललाय, पखवाजावर हळू हळू थापा पडतायत, आणि मधेच सगळ्यांनी हात उचलले आणि दाराकडे बघितलं. मीपण बघितलं. दारात कोणी नव्हतं. व्हरांडा, पुढे दोन माड, त्याच्या पुढे खाडी. बास.

मग सगळी परत खाली मान घालून लिहायला लागली. जसं काही झालंच नाही.

"काय रे? कोण आलं होतं?"

"कोण नाय, बाई," गौरेश म्हणाला. हा गौरेश म्हणजे शर्टाची बटणं चावून चावून संपवणारा. एका जागी बसला तर आईला कळवावं असा.

"मग बघितलंत कशाला?"

"मनू बघता म्हणान."

मनू उभी होती. स्पीकरपाशी. तोंड दाराकडे, पेन्सिल हातात, पापणी हलत नाही. "काय बघतेस गं, मनू?" मी विचारलं. उत्तर नाही. मला त्याची सवय होती. मनू उत्तर द्यायचीच नाही. मी पुढे गौरेशची बेरीज तपासायला घेतली.

थांबा, थांबा, असं मधूनच नाही कळणार. नीट सांगते.

तेव्हा मी नुकतीच शिकून बाहेर पडलेली. पहिलीच नोकरी, विशेष शिक्षिका. मी गडहिंग्लजची, समुद्र म्हणजे मला सहलीत भेळ खातात तिथे असतो तो, आणि नेमलं कुठे, तर सिंधुदुर्गात खाडीकाठच्या एका शाळेत. मालवणी तर मला इतकी कळायची की पहिले काही दिवस वाटायचं सगळं गाव माझ्यावर चिडलंय. 'चेडू' म्हणजे मुलगी, 'इलंस' म्हणजे आलीस, 'हयसर' म्हणजे इथे, एवढं समजायलाच आठवडा गेला. आणि माझ्याकडे कोण पोरं? ज्यांचं लक्ष लागत नाही ती. फुलपाखरू गेलं की त्याच्या मागे, शेजारच्याने नाक ओढलं की त्याच्या मागे. हुशार असतात हो! पण एक ओळ लिहायची तर मधे गावाला एक चक्कर.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की अशा काही काही मुलांना मागे हलकं संगीत लावून दिलं तर मदत होते. म्हणजे कान सारखे काहीतरी शोधत असतात ना, त्यांना एक काम देऊन टाकायचं, मग हात मोकळा होतो लिहायला. सगळ्यांना नाही चालत, पण काहींना चालतं. अट एकच. त्यात शब्द नकोत आणि एकदम वर-खाली काही नको. मी ते ऐकूनच वेडी झाले. भावाचा स्पीकर ढापला आणि सुरू.

ए, हसू नका पुढचं ऐकून. बासरी लावली, तर गौरेश नाचायला लागला. पावसाचा आवाज लावला, तर अर्ध्या वर्गाला लघवीला लागली. पियानो लावला, तर एक कार्टी म्हणते, "बाई, आता ह्या सिरीयलीत कोणतरी मरतला."

मग एक दिवस संध्याकाळी देवळावरून येत होते. तिथे भजनाची तालीम असते. रमाकांतबुवा मेस्त्री म्हणून त्यांचे बुवा. गाणं सुरू व्हायच्या आधी ते सूर लावतात बघा. पेटीची पट्टी दाबून धरायची, पखवाजवाला एका बाजूला कणीक थापणार, मग हातोडीने टक्‌, थाप मारून ऐकणार, परत टक्‌, परत थाप. किती वेळ चालतं ते! आणि पायरीवर माझीच पोरं बसलेली. गप्प. गौरेश गप्प! हाताची घडी घालून! गाणं सुरू झालं तशी सगळी उधळली. पण त्या सूर लावण्यापुरती अशी शांत, की मी चप्पल हातात घेऊन तिथेच उभी राहिले. ह्यांच्या कानांना जे हवंय ते इथे आहे, आणि मी पियानो लावतेय!

दुसऱ्याच दिवशी बुवांकडे गेले. त्यांनी एक पेन ड्राइव्ह दिला. "जुन्या तालमीचा आसा, पण झकास लागलो हा त्यात पखवाज," म्हणाले. घरी येऊन मी त्यातला फक्त सूर लावण्याचा तुकडा कापला. इरफान, तू साऊंडवाला, तू शिव्या घालशील, पण मी फोनवरच्या ॲपमध्ये कापला. पुढे खोकणं, बोलणं सुरू होईल असं वाटलं, तिथून सगळं उडवलं आणि तुकडा संपला की परत पहिल्यापासून सुरू, असा गोल गोल फिरवत ठेवला.

आणि चाललं ना! गौरेशने पान भरून बेरजा केल्या. पोरं लिहायला लागली. मी हवेत.

आणि मनू पळायची थांबली. हे सगळ्यात मोठं होतं, कारण मनूचं काही खरं नव्हतं. मनस्वी तांडेल, इयत्ता तिसरी. तावडे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हजेरी घ्यायचे. "मनस्वी तांडेल." शांतता. "गैरहजर." आणि पोरगी पहिल्या रांगेत बसलेली, पाय हलवत! कान तपासून झाले होते, कान ठणठणीत. "कान आहेत, लक्ष नाही," सर म्हणायचे. वाईट नव्हते सर, थकलेले होते. त्यांचं म्हणणं, हिला जिल्ह्याच्या गावी निवासी शाळेत पाठवू, तिथे अशा मुलांची सोय आहे. पुढच्या सोमवारी तालुक्याहून मॅडम येणार होत्या, त्यांच्या हातात पत्रच द्यायचं होतं सरांना.

मनूची आई, प्रमिलावहिनी, काजूच्या कारखान्यात जायच्या. सोलून सोलून बोटं काळी पडलेली. एकदा मला वाटेत गाठलं. "बाईनू, माझा चेडू थंय धाडू नकात हां. तेची सोय होतली, माझी खंय होतली?" त्यांचा नवरा दिगंबर मासेमारीला गेला तो आलाच नव्हता. दोन पावसाळे होऊन गेले होते. होडी सापडली, माणूस नाही. घरात ह्या दोघीच.

म्हणून मी पण इरेला पेटले होते. मनू ह्याच शाळेत राहणार. मनू स्थिर उभी राहते, मधेच वाकून दोन ओळी लिहिते, परत उभी राहते. मी सरांना म्हटलं, "बघितलंत? म्युझिक!" सर म्हणाले, "बघतोय. पण ती वहीकडे का बघत नाही?"

तेव्हा मला राग आला होता. पण खरंच, ती वहीकडे बघत नव्हती.

पेन्सिली थांबणं रोजचंच झालं. तुकडा फिरून त्या जागी आला की सगळी दाराकडे बघायची. मी स्पीकरला कान लावून ऐकलं. पेटी, पखवाज, आणि मागे कुठेतरी कोणीतरी घसा साफ करतं तसं हूं... हूं... मला वाटलं, कोणी सूर देतोय. दुसरं काय असणार!

मग तो दिवस. मी फळ्याकडे वळले, पाढा लिहिला, परत वळले, तर मनू नाही. चप्पल तिथेच. मी व्हरांड्यात आले, आणि मला दिसली ती धक्क्यावर. होड्या लागतात तो धक्का, शाळेच्या समोरच. सगळ्यात खालच्या पायरीवर उभी, भरती चढत होती, पावलं पाण्यात.

मी कशी धावले मला माहीत नाही. "मनू!" वळली नाही. दंडाला धरून वर ओढली. दचकलीसुद्धा नाही ती.

"इथे कशाला आलीस?"

"बोलवतत."

"कोण बोलवतंय?"

"बाबा."

ए, अंगावर काटा आला माझ्या. भर दुपार, ऊन असं लखलखीत, आणि मला थंडी वाजली. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काय... काय म्हणाले?"

"अजून दोनदाच मारल्यानी."

"काय मारलं?"

"हाक," म्हणाली, आणि परत पाण्याकडे बघायला लागली. वाट बघतात तसं. बसची वाट बघतात ना, तसं साधं.

त्या दिवसापासून मी स्पीकर कपाटात टाकला. संपलं, नको ते म्युझिक! पण ऐका ना, इथेच तर गंमत. गंमत म्हणजे गंमत नाही. स्पीकर बंद, खोली शांत, पोरं लिहितायत, आणि मधेच सगळ्यांच्या पेन्सिली थांबायच्या. तेवढ्याच अंतराने. सगळी दाराकडे बघायची. गौरेशला मी घाबरून ओरडलेच, "काय ऐकतोयस तू?"

"काय नाय बाई. आता तिका बोलवतीत, म्हणान."

पोरांना ते पाठ झालं होतं.

आणि मनू खिडकीपाशी. लिहिणं बंद, डबा बंद. खिडकी, खाडी.

धक्क्याचं सरांना कळलंच. "आज पाय ओले झाले. उद्या काही झालं तर कोण जबाबदार?" म्हणाले, आणि त्यांनी प्रमिलावहिनींना शाळेत बोलावून घेतलं. वहिनी कामावरून तशाच आल्या. सर जे बोलले ते सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुम्ही पोरांका काय लावतास ता माका आयकवा."

मी कपाटातून स्पीकर काढला. पेटी सुरू झाली. वहिनी कान देऊन ऐकत होत्या. पखवाजावर थाप, टक्‌, थाप. आणि मग ते हूं... आलं, आणि त्यांचा पदर सावरणारा हात तिथेच थांबला. पोरांच्या पेन्सिली थांबायच्या ना, तसाच.

"परत लावा."

परत लावलं.

"ह्या खंय गावला तुमका?"

"बुवांकडून. का हो वहिनी? कोणीतरी घसा..."

"घसो नाय," त्या म्हणाल्या. "तेंचो आवाज आसा. पखवाज तेच वाजवतत. ही थाप तेंचीच." मग म्हणाल्या, "मनूक हाक मारतत."

आणि एकदा कळल्यावर ना, मला ते ऐकूच यायला लागलं! ते हूं नव्हतंच. "मनूऽ." लांबून, माइककडे पाठ करून मारलेली हाक. पोरगी बाहेर अंगणात खेळत असणार. थोडी थाप, आणि परत, "मनूऽ." आणि तिथे माझा तुकडा संपतो. परत पहिल्यापासून. दोन हाका. परत दोन हाका. आख्खा दिवस मी त्या पोरीला दोनच हाका ऐकवत होते.

"पण मग ती ओ का देत नाही?" सरांनी विचारलं. "बापाचा आवाज ओळखला, तर धावत जायला हवी."

वहिनींनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते, मला ते तसंच आठवतं. "आमचा घर खाडीच्या काठाक. तिनसांजेक थंयसून कोण हाक मारीत, सांगाक येना नाय. ता मारता ना, ता एकदा मारता, फार तर दोनदा. तिसरी हाक तेका मारूक येना नाय. म्हणान तेंनी चेडवाक शिकवल्यानी, तिसरी हाक येयपर्यंत ओ देव नको. कोणाक म्हणजे कोणाक नाय. माका पण नाय."

'ता' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. सरांनीही नाही.

सर उठले. व्हरांड्यात गेले, मनू खिडकीशी होती. "मनस्वी तांडेल," ते म्हणाले. शांतता. "मनस्वी तांडेल." शांतता. सरांनी चष्मा काढला. "मनस्वी तांडेल."

"ओ," मनू म्हणाली.

तुम्ही हसताय, मी पण हसले असते, पण सरांचं तोंड बघायला हवं होतं. तीन वर्षं पोरगी गैरहजर! "म्हणजे हजेरी तीनदा घ्यायची हिची," ते स्वतःशीच बोलले. पण मग लगेच, "ते ठीक आहे. धक्क्यावर जाते त्याचं काय? ते थांबत नाही तोवर माझं पत्र तयार आहे."

आणि त्यांचं काय चुकलं, सांगा? मला आता नीट कळलं होतं ती पायरीवर कशाची वाट बघत होती. दोन हाका म्हणजे कोणीही असेल. तिसरी आली की बाबाच.

मी आणि वहिनी तिथून थेट बुवांकडे गेलो. बुवा ओसरीवर पान लावत बसले होते. ऐकलं आणि त्यांच्या हातातला चुना तसाच राहिला. "माका काय म्हायत तुम्ही सूर लावतानाचा घेतल्यात! माका वाटला भजनाचो गजर घेतल्यात. पोरांका कोण सूर लावतानाचा आयकवता?"

"बुवा, तुमच्याकडे पूर्ण रेकॉर्डिंग आहे ना? मी कापलंय त्याच्या पुढचं?"

आहे म्हणाले. लावलं. पेटी, थाप, पहिली हाक. थाप. दुसरी. वहिनी खांबाला टेकून उभ्या. मग माझा तुकडा संपायची जागा आली आणि गेली, आणि पखवाज चालूच. टक्‌. थाप. टक्‌. बराच वेळ. आणि मग, स्वच्छ, ह्या वेळी माइककडे तोंड करूनच, जरा लाडाने, जरा चिडून:

"मनूऽ!"

बुवांनी खटकन बंद केलं.

"बाईनू, ह्या चेडवाक आयकवू नकात," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आलेला. "तिसरी आयकल्यान की ती ओ देतली. आणि ओ दिल्यान की जातली."

"कुठे जाईल, बुवा?"

"बोलवणारो आसा थंय."

मी शिकलेली बाई. मला म्हणता आलं असतं, बुवा, असं काही नसतं. पण मला ती पायरी दिसत होती आणि ओले पाय. मी म्हटलं, "मग नकोच. मी ते सगळं पुसूनच टाकते. परत लावतच नाही काही."

"नाय," वहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी बघितलं.

"हाक अर्धी रवली हा. तुम्ही बंद केल्यात तरी ती आयकताच हा ना? पोरां पण आयकतत. तेंनी दोन मारल्यानी आणि तिसरेची वाट बघता ती. अशी आयुष्यभर बघीत रवात. हाक संपाक व्हयी." मग म्हणाल्या, "पूर्ण लावा. दोन हाका तेंच्या होव दे. तिसरी मी मारतंय. तेंच्या आधी."

मला ते एका क्षणात पटलं. का पटलं, विचारू नका. तिसरी हाक जिवंत माणसाची असली की ओ जिवंत माणसाला जाते. बरोबर आहे ना? म्हणजे, त्या ओसरीवर ते बरोबर होतं.

पण बुवांना पटलं नाही. "गो प्रमिला, आणि मगे तेची तिसरी? ती पण येतलीच ना पाठोपाठ? हाक मारल्यान आणि कोणीच ओ नाय दिल्यान, असा बरा नाय गो."

"तेचा मी बघतंय," वहिनी म्हणाल्या.

सोमवार. मॅडम यायच्या आधी उरकायचं होतं. सर दारात हाताची घडी घालून उभे, म्हणाले, "करा काय ते." पोरं चटईवर. मनू खिडकीशी. वहिनी व्हरांड्यात, खांबाच्या आड, मनूला दिसणार नाहीत अशा. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या हाकेनंतर मधे जागा आहे, पण फार नाही. मी हात वर केला की मारा.

मी फोन हातात घेतला आणि लावलं.

पेटी सुरू झाली तशी मनू खिडकीवरून वळली. चालत आली आणि स्पीकरपाशी उभी राहिली, आपल्या जागेवर. थाप. टक्‌. थाप.

"मनूऽ."

पेन्सिली थांबल्या.

थाप. थाप. टक्‌.

"मनूऽ."

आता परत पहिल्यापासून यायला हवं होतं. पोरांना ते माहीत होतं. पण पेटी तशीच पुढे गेली, आणि गौरेशने माझ्याकडे बघितलं, आणि सगळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. खोलीत काहीतरी बदललं. आणि मनूचं तोंड हळूच उघडलं. ओ द्यायला उघडतात तसं. तयार.

मी हात वर केला.

वहिनी काही बोलल्या नाहीत.

मी बघितलं तर त्यांचं तोंड उघडं, मान ताणलेली, आणि आवाजच नाही. बसलाच आवाज! मी परत हात हलवला. टक्‌. थाप. माझा अंगठा फोनवर, बंद करू का, करू का? आणि शप्पथ सांगते, मला ते बटण सापडेना. रोजचा फोन माझा. टक्‌. मनूने एक पाऊल उचललं. दाराकडे. वहिनी खांबावर हात आपटतायत...

"मनूऽऽ!"

फाटकाच आवाज आला, पण आला.

"ओ!" मनू ओरडली.

केवढ्याने! आख्ख्या शाळेला ऐकू गेलं. आणि धावत सुटली, व्हरांड्यात, खांबाला वळसा घालून आईच्या पोटात शिरली. पोरं खी खी हसायला लागली. सरांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. वहिनींनी तिचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं, एक हात ह्या कानावर, एक हात त्या कानावर, घट्ट.

झालं. तुम्हाला मनूचंच ऐकायचं असेल तर झालं इथे. ती धक्क्यावर परत गेली नाही. पत्र सरांच्या खिशातच राहिलं. मॅडम आल्या तेव्हा पोरगी खाली बसून बेरजा करत होती, पाय हलवत, मधेच उठत, मधेच गौरेशचं नाक ओढत. एकदम शहाणी वगैरे झाली नाही ती, तशी होत नाहीत मुलं. पण त्याच शाळेत राहिली, आईपाशी. पुढे मी तिला तानपुरा लावून द्यायचे, साधा, मशीनचा. चालायचा तिला.

पण रेकॉर्डिंग बंद कुठे झालं होतं? मी तशीच उभी, फोन हातात. आणि पेटीच्या वरून, स्वच्छ, जरा लाडाने, जरा चिडून आली ती.

"मनूऽ!"

पोरांचं हसणं बंद. ह्या वेळी कोणी दाराकडे बघितलं नाही. सगळी स्पीकरकडे बघत होती. मनूला काही ऐकू गेलं नव्हतं, तिचे कान आईच्या हातात. आणि रेकॉर्डिंगमधला पखवाज थांबला. पेटीही थांबली. तिकडे तो माणूस थापेचा हात वर धरून थांबला असणार, ओ येते का बघत. काहीच आवाज नाही. नुसती ती खरखर. एवढी लांब, की मला वाटलं, कोणीतरी द्या रे, कोणीतरी द्या.

वहिनींनी खाडीकडे तोंड केलं.

"ओ," त्या म्हणाल्या. हळू. घरातल्या घरात देतात तशी.

आणि स्पीकरमधून तो हसला. "इलंस? बस. हयसर बस."

वहिनी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मनूला मांडीवर घेतलं. मग पदर सावरून जरा बाजूला सरकल्या, शेजारी एक माणूस बसेल एवढ्या.